दहा-अकराचा पाना

आकाशात हेलिकॉप्टरचा आवाज आला की आमच्या शिवारातली माणसं हातातलं काम टाकून वर पाहतात. मी खाली पाहतो. आमच्याकडे ते येतं कधी, तर निवडणुकीत एखादा पुढारी उतरतो तेव्हा, तेवढंच. पण तो आवाज कानात शिरला की माझा हात आपोआप खिशाकडे जातो. खिशात काही नसतं. काही नाही ना, हेच मला पाहायचं असतं.

मी चौथी शिकलेला माणूस. गाव संग्रामपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. शेती आहे थोडी, पण शेतकरी म्हणून मला कोणी ओळखत नाही, मिस्त्री म्हणून ओळखतात. ऑइल इंजिन, विहिरीवरची मोटार, मळणीयंत्र, जे फिरतं ते सगळं मी खोललं आणि बसवलं. शिकलेल्या माणसानं हात टेकले की मला बोलावणं यायचं. हे मी फुशारकीनं लिहीत असेन तर असो. खोटं नाही.

ज्या म्हाताऱ्या मिस्त्र्याजवळ मी शिकलो, त्या उस्तादानं जाताना मला एक पाना दिला, दहा-अकराचा. एका तोंडाला दहाचा नट बसतो, दुसऱ्या तोंडाला अकराचा. त्याच्या दांडीवर मी कानशीनं दोन खाचा मारल्या. माझ्या सगळ्याच पान्यांवर दोन खाचा आहेत, म्हणजे दुसऱ्याच्या पेटीत गेला तरी माझा पाना मला ओळखू येतो. आमच्या घरात खंडेनवमीला हत्यारं धुऊन मांडतो, कुंकू लावतो, झेंडू वाहतो, त्या दिवशी हात लावत नाही. आणि दसरा झाल्यावर पहिला नट उस्तादाच्या पान्यानंच फिरवायचा. तसं केलं की वर्षभर हात चुकत नाही, असं उस्ताद सांगायचा. मी कधी मोडलं नाही.

माझा धाकटा पोरगा फौजेत हेलिकॉप्टरचा मिस्त्री झाला. नोकरीला काही वर्षं झाल्यावर एकदा दसऱ्याला सुटीवर आला होता. ओसरीवर बसून तिथल्या कामाची पद्धत सांगत होता. तिथं प्रत्येक पान्यासाठी पेटीत त्याच्याच आकाराचा खड्डा कापलेला असतो म्हणे. काम झालं की एकही खड्डा रिकामा दिसला नाही पाहिजे, मग साहेब कागदावर सही करतो.

"अन दिसला तं?" मी विचारलं.

"मशीन उडत नाही. सापडेपर्यंत सगळे शोधतात. साहेबबी गुडघ्यावर बसते."

"एका पान्यापायी?"

"हाव बाबा, एका पान्यापायी."

मला हसू आलं. "लेका, माह्ये जेवढे पाने विहिरीत गेले तेवढ्यात एक दुकान झालं असतं. इंजिन चाललं का नाही चाललं?"

"तुमचं इंजिन बंद पडलं तं विहिरीच्या काठावर बंद पडते. आमचं कुठं बंद पडन, ते पाहा."

त्याची माय चुलीपाशी होती. "बरोबर बोलून राह्यला तो," ती म्हणाली.

"तू भाकरी पाह्य," मी म्हणालो.

खरं सांगायचं तर मला राग आला होता. माझ्या पोराला मिस्त्री केलं का कारकून, असं वाटलं. नट हाताला कळतो. तो कागदाला काय कळणार? म्हणून तो निघायच्या दिवशी मी उस्तादाचा पाना काढला, कुंकू लावला, दांडीला कच्चं सूत गुंडाळलं आणि त्याच्यापुढं धरला.

"पह्यला नट यानं फिरवजो."

तो पाहतच राहिला. "बाबा, तिथं बाहेरचं हत्यार आत नेता येत नाही."

"बापाचं हत्यार बाहेरचं काऊन झालं बे?"

त्यानं मायकडं पाहिलं, तिनं तोंड फिरवलं. मग त्यानं पाना घेतला, कपाळाला लावला आणि खिशात ठेवला. मी जिंकलो. नांदुऱ्याच्या स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत माझी मान ताठ होती.

पुढं उन्हाळा लागता लागता सीमेवर लढाई सुरू झाली. टीव्हीवर दिवसभर तेच. पोराचा फोन आधी आठवड्याला यायचा, तो बंद झाला. एक दिवस सकाळी मी जेवायला बसलो होतो आणि टीव्हीवर लाल पट्टी आली की आपलं एक हेलिकॉप्टर पडलं. डोंगराळ भाग, आतले सगळे गेले. माझ्या म्हातारीच्या हातातली वाटी तशीच राहिली. मी टीव्हीचा आवाज वाढवला, मग कमी केला, मग पुन्हा वाढवला. नावं सांगत नव्हते. पोराचा फोन लावला की एक बाई हिंदीत सांगायची की लागत नाही. त्या दिवशी आम्ही दोघं घरात असून एकमेकांशी बोललो नाही. बोललो असतो तर तोंडातून तेच निघालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला.

"बाबा, मी बरा आहो."

 म्हातारीनं फोन ओढून घेतला, ऐकलं, रडली, परत माझ्याकडं दिला.

"तू ज्याच्यावर काम करत होता ते मशीन?" मी विचारलं.

 तो म्हणाला, "हाव. तेच होतं." आणि फोन ठेवला.

पोरगा जिता होता. तास-दोन तास मी माणसात होतो. संध्याकाळी फाट्यावर चहाला गेलो. तिथल्या टीव्हीवर एक रिटायर साहेब बोलत होता. लढाईत हेलिकॉप्टर काऊन पडतात, हे सांगत होता. लोकांना वाटतं गोळी लागते, तसं दर वेळी नसतं म्हणाला. धुळीत उतरताना जमीन दिसत नाही. धुक्यात दरीवरची तार दिसत नाही. घाईत जास्त वजन भरतात, आणि उंचावर हवा पातळ, मशीन उचलत नाही. कधी आपल्याच माणसाला ते दुश्मनाचं वाटतं. आणि कधी, तो म्हणाला, आत राहिलेली एखादी छोटी वस्तू, एखादा पाना, सरकत सरकत कंट्रोलच्या दांड्यात जाऊन अडकतो, आणि पायलटनं कितीही ओढलं तरी दांडा हलत नाही.

चहाचा कप माझ्या हातात होता. तो मी खाली ठेवला ते पाहून हॉटेलवाला म्हणाला, "काय मिस्त्रीबुवा, चहा कडू झाला काय?"

"नाही," मी म्हणालो आणि उठलो.

घरी येईपर्यंत माझ्या डोळ्यांपुढं सगळं आलं. मी मिस्त्री आहे, मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. पोरगा आत वाकला आहे, खिशातून पाना घरंगळला आहे, आवाजात ऐकू आलं नाही. पेटीतले खड्डे सगळे भरलेले. साहेबानं पाहिलं, ठीक आहे म्हणाला. कारण माझ्या पान्याला त्या पेटीत खड्डाच नव्हता. मोजणार कोण? रिटायर साहेबानं पुढं सांगितलं होतं की पडलेल्या मशीनचा तुकडा न् तुकडा गोळा करून तपासतात. म्हणजे पाना सापडणार. त्यावर दोन खाचा.

आता एक गोष्ट लिहितो, ती मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. माझ्या उमेदीच्या काळात गावातल्या एका खळ्यावर मी मळणीयंत्र दुरुस्त केलं. सुरू केलं तसा आतून मोठा आवाज झाला, ड्रमचा एक दात तुटून बाहेर उडाला आणि पेंढ्या लावणाऱ्या बाईच्या डोक्यावरून गेला. तिचा पदर फाटला. चार बोटं खाली असता तर डोकं गेलं असतं. ड्रममध्ये सोळा-सतराचा पाना निघाला. सगळे माझ्याकडं पाहू लागले. मी म्हणालो, "माहा नाही." मालक म्हणाला, "मंग कोनाचा?" मी म्हणालो, "मले काय मालूम." आणि तो पाना उचलून, पाहायचं सोंग करून खिशात घातला आणि वाटेत विहिरीत टाकला. त्या बाईनं मला कधी काही विचारलं नाही. रस्त्यात भेटली की रामराम घालायची. त्या रामरामाची मला इतकी वर्षं भीती वाटत आली आहे.

तर टीव्हीवरच्या त्या बोलण्यानंतर माझ्या जिवाला चैन राहिली नाही. पोराचा फोन पुन्हा सुरू झाला, पण विचारायचं कसं? फौजेतले फोन कोणी ऐकत असेल तर? मी विचारलं आणि त्यानं हो म्हटलं तर पोरगा माझ्याच तोंडानं फासावर जायचा. मी फक्त "जेवला काय?" एवढंच विचारायचो. तो "हाव" म्हणायचा. त्याचा आवाज पूर्वीसारखा नव्हता, आणि तेवढ्यावरून मी आणखी घाबरायचो.

घरात मी पाना शोधू लागलो. वाटलं, पोरानं गुपचूप मागं ठेवला असेल. ट्रंक पाहिली, कोठी पाहिली, देवाच्या मागं पाहिलं.

"काय शोधून राह्यले?" म्हातारीनं विचारलं.

"काही नाही."

"काही नाही ते कोठीत सापडत नसते."

तिला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण मग 'मी तोंड फिरवलं होतं' असं ती म्हणाली असती, आणि ते मला ऐकायचं नव्हतं. कामाला बोलावणं आलं तर मी पाठीचं दुखणं सांगू लागलो. हातात पाना धरला की लगेच खाली ठेवायचो. आत काही सांडलं तर, असं वाटायचं. ज्या हातावर मी आयुष्यभर मिजास केली तो हात मलाच परका झाला.

शेवटी मी ठरवलं. वहीचा कागद घेतला आणि अर्ज लिहिला. अर्जात लिहिलं की मशीनमध्ये दोन खाचांचा दहा-अकराचा पाना सापडला तर तो माझा आहे, पोरगा नको म्हणत होता, मी बळजबरी केली, सजा द्यायची ती मला द्या. अक्षर वाईट आहे, पण सही स्पष्ट केली. नांदुऱ्याला एसटी बदलून घाट चढून बुलढाण्याला गेलो. फौजी लोकांच्या कामाचं एक ऑफिस आहे असं ऐकलं होतं. ते सापडेपर्यंत उन्हानं टाळू भाजली. बाकावर बसलो तेव्हा वाटलं, अजून उठून जाता येतं. पाय उठले नाहीत.

टेबलामागं एक रिटायर हवालदार होता. पांढऱ्या मिशा, आमच्याच भागातला. त्यानं अर्ज दोनदा वाचला. मग उठून दार लोटलं आणि परत बसला.

"बाबाजी, पाना मशीनमंधी पडला, हे तुम्हाले कोनी सांगतलं?"

"कोनी नाही."

"पोरानं?"

"त्याले इचारलं नाही."

"काऊन?"

मी टेबलावरच्या अर्जाची कड बोटानं सरळ केली.

"तुम्ही पोराले इचारलं नाही, अन सरकारले सांगाले आले?" तो म्हणाला. हसला नाही, हे त्याचं चांगुलपण. "हा कागद मी घेतला तं तो फिरत फिरत पोराच्याच गळ्यात पडन. चौकशी चालू आहे, ते त्यांचं ते पाहतीन. कागद घरी न्या. तो आला की त्याच्या हातात द्या."

"मी कोनाच्या भरवशावर राहत नाही," मी म्हणालो.

"दिसून राह्यलं," तो म्हणाला, आणि माझ्यापुढं पाण्याचा ग्लास सरकवला.

परतीच्या गाडीत घाट उतरताना मला भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा मी ड्रायव्हरच्या पायाकडं पाहत बसलो. या गाडीचा ब्रेक कोणी बसवला असेल, त्याच्या पेटीत सगळे पाने परत गेले असतील काय, हेच डोक्यात.

पोरगा आला तेव्हा पावसाळा सरत आला होता. वाळला होता. दोन दिवस मी त्याच्याभोवती फिरलो, बोललो नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तो ओसरीवर बसला होता, मी अर्ज काढून त्याच्या मांडीवर ठेवला. त्याची माय दारात शेंगा फोडत होती. तो वाचू लागला. वाचून झाल्यावर त्यानं कागदाची घडी अगदी नीट घातली, जशी होती तशी.

"त्यानं नाही पडलं मशीन," तो म्हणाला. "धुकं होतं. दरीवर तार होती. असं म्हणतात. पक्कं कोनी सांगत नाही. पन पान्यानं नाही."

मी म्हणालो, "मंग पाना तू नेलाच नव्हता."

"नेला होता."

मग त्यानं सांगितलं. दसऱ्यानंतर पहिल्या दिवशी त्यानं माझा पाना आत नेला होता. माझ्यासाठी. खालचा पत्रा काढून आतला एक नट त्यानं उस्तादाच्या पान्यानं फिरवला, बाकी काम तिथल्या पान्यांनी केलं, पत्रा लावला. पेटीतले खड्डे भरले, साहेबानं सही केली. दुपारी जेवताना हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा.

"कोनालेच समजलं नसतं बाबा. पेटी पुरी होती."

"मंग?"

"मंग काय. जेवन सोडून साहेबापुढं उभा राह्यलो. दोन दिवस मशीन उभं. सगळे पत्रे काढले. कंट्रोलच्या दांड्यापासून बोटभर लांब सापडला. सूत तसंच होतं."

त्याला शिक्षा झाली होती. हे तो आम्हाला बोलला नव्हता. तो पूर्वी मशीनसोबत आत बसून जायचा. त्या दिवसापासून वर्षभर त्याचं उडणं बंद केलं, जमिनीवरच काम. त्याच्या जागी दुसरा एक मिस्त्री पोरगा मशीनसोबत जाऊ लागला. आणि त्या सकाळी तोच गेला.

 मग म्हातारीनं शेंगांवरचे हात जोडले. "देवानंच केलं. तुह्या बाबाचा पाना कामी आला म्हना."

"माय, असं बोलू नको." तो इतक्या जोरात म्हणाला की ती दचकली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "त्याचीबी माय आहे."

मी विचारलं, "पाना कुठं आहे?"

"भिंतीवर टांगला आहे. खाली लिहिलं आहे, हे आत सापडलं. नवे पोरं आले की त्याहिले दाखवतात." मग म्हणाला, "दोन खाचाबी दाखवतात."

ज्या पान्याच्या मिजाशीत मी स्टेशनवर मान ताठ करून उभा होतो, तो आता चूक म्हणून टांगला आहे, आणि ते ठीकच आहे. पण मला त्या वेळी पान्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते दुसरंच. इतके दिवस मला भीती होती की माझ्या पान्यानं मशीन पाडलं. ती गेली, आणि तिच्या जागी ही आली की मशीनमध्ये कोण बसायचं ते माझ्या पान्यानं ठरवलं. पहिल्या भीतीला निदान चौकशी होती. हिला नाही.

आणखी एक गोष्ट मला टोचत होती. पेटी पुरी असताना माझा पोरगा साहेबापुढं जाऊन उभा राहिला. मी पाना विहिरीत टाकला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या मळणीवाल्या बाईच्या घरी गेलो. ती आता माझ्यासारखीच म्हातारी झाली आहे. अंगणात बसून गहू निवडत होती.

"तो पाना माहा होता," मी उभ्यानंच म्हणालो.

तिनं वर पाहिलं. कोणता, असं विचारलं नाही. "मले मालूम आहे. खाचा मी तवाच पाह्यल्या होत्या."

"मंग बोलली काऊन नाही?"

"तुमच्याच तोंडून ऐकाचं होतं. लय टाइम लावला तुम्ही." आणि खाट दाखवून म्हणाली, "बसा, चहा ठेवते."

पोरगा परत जाण्याआधी मी त्याला विचारलं, त्या दुसऱ्या पोराच्या घरी कोण आहे. माय आहे, बाप आहे म्हणाला. बाप एका लहान गावात सायकली दुरुस्त करतो.

सायकलवाला म्हणजे त्याच्या पेटीत दहा-अकराचा पाना असणारच. पोरगा जाताना त्यानंही काही दिलं असेल काय? दिलं नसेल. तो माझ्यासारखा नसेल.

पोरगा परत गेला. पुढच्या महिन्यात त्याचं उडणं पुन्हा सुरू होणार आहे, हे त्यानं स्टेशनवर, गाडी हलल्यावर सांगितलं. आमचंच पोरगं ते, अवघड गोष्ट शेवटी सांगायची. मी गाडीसोबत चार पावलं चाललो. काय बोलावं सुचलं नाही, म्हणून म्हणालो, "तार पाह्यजो." तार पाहणं त्याच्या हातात नसतं, पायलटच्या असतं. तरी तो "हाव" म्हणाला.

आता मी एक फळी घेतली आहे. तिच्यात प्रत्येक पान्याच्या आकाराचा खड्डा कोरला. चाकूनं, पटाशीनं, आठ दिवस लागले. लहानसं काम केलं तरी शेवटी पाने खड्ड्यात ठेवतो आणि पाहतो. गावातले हसतात. "मिस्त्रीबुवा, देव्हारा केला काय पान्यायचा?" म्हणतात. हसू द्या.

दहा-अकराचाही खड्डा कोरला आहे. त्यात पाना ठेवलेला नाही. त्या सायकलवाल्या बापाचा पत्ता मी पोराकडून लिहून घेतला होता, त्या चिठ्ठीची घडी तिथं ठेवली आहे. पत्र तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. खंडेनवमी जवळ आली आहे. त्याच्या आत लिहायचं म्हणतो. काय लिहायचं ते ठाऊक आहे. पण पहिल्या ओळीतच पाना येतो, आणि तिथं माझा हात थांबतो.